अंबादासरावांची नजीर

अंबादासराव वकील भित्रे होते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत ऐकली की लोक त्यांना शूर, धाडसी वगैरे म्हणायला लागतात आणि मला राग येतो. शूराला भीती वाटतच नाही, मग त्यानं काही केलं तर त्यात त्याचं काय गेलं? अंबादासराव कुत्र्याला भ्यायचे, पालीला भ्यायचे, वीज कडाडली की भर कोर्टात डोळे गच्च मिटून घ्यायचे. अमीनसाहेब म्हणजे तालुक्याचा पोलीस अधिकारी. त्याचा शिपाई गल्लीच्या तोंडाशी दिसला की हे ओट्यावरून उठून आत जायचे आणि बायकोला, गंगाकाकूंना, विचारायचे, "मला कोणी विचारून राह्यलं का गं?" काकू हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "कोणी न्हाई. बसा बाहेर."

मी तेव्हा, निजामाच्या अमदानीत, आमच्या तालुक्याच्या मुन्सफीत, म्हणजे खालच्या कोर्टात, पेशकार होतो. हाकिमाच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या, डाव्या हाताला बसायचं, मिसली म्हणजे खटल्यांचे कागद वाचून दाखवायचे, पक्षकारांचा पुकारा करवायचा आणि हाकिमाचं डोकं फिरलं की पहिली बोलणी आपण खायची, हे पेशकाराचं काम. कारभार सगळा उर्दूत; वकिलांचं बोलणं मी इथं मराठीतच सांगतोय. अंबादासरावांचं घर माझ्या घरासमोर. दिवसा ते मला कोर्टात दिसायचे, संध्याकाळी ओट्यावर, त्यामुळं शेरवानीतले अंबादासराव आणि पंच्यातले अंबादासराव, दोन्ही मला सारखेच माहीत होते. अंगानं काडी. ती काळी शेरवानी कुण्या थोरल्या माणसाची मागून आणली असावी इतकी सैल बसायची. आवाज बारीक आणि बोलताना नजर समोरच्याच्या जोड्यांवर.

असा माणूस वकिलीत टिकला कसा, तर नजिरांवर. नजीर म्हणजे वरच्या अदालतीनं आधी कुठल्या तरी खटल्यात दिलेला निकाल, तसाच खटला आला की खालच्या हाकिमानं मानायचा. हैदराबादेहून अशा निकालांच्या जाड जिल्दी छापून यायच्या आणि आमच्या कोर्टाच्या अलमारीत धूळ खात पडायच्या. अलमारीची किल्ली माझ्याकडं. कोर्ट भरायच्या आधी अंबादासराव येऊन दारात उभे राहायचे, "वामनराव, जरा उघडता का?" म्हणायचे, आणि जोडे बाहेर काढून अनवाणी पायांनी आत येऊन उभ्या उभ्या वाचायचे. जोडे घालून जिल्दीला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

बाकीचे वकील घसा फोडायचे. हा गरीब आहे, हुजूर, हा विधवेचा एकुलता एक आहे, हुजूर. अंबादासराव उठायचे आणि म्हणायचे, "हुजूर, मी काही म्हणत नाही. वरची अदालत म्हणते." वरच्या अदालतीचं नाव घेताना उजवा हात कानाच्या पाळीला लागायचा, गवयाचा उस्तादाच्या नावाला लागतो तसा. मग जिल्द कोणती आणि सफा कोणता ते सांगायचे. सफा म्हणजे पान. मी अलमारी उघडायचो, जिल्द काढायचो, आणि त्या सफ्यावर ते निघायचंच. एवढ्या वर्षांत एकदाही चुकलं नाही.

घरीसुद्धा तीच तऱ्हा. वांगी घ्यायची तर वैद्यबुवा काय म्हणतात, प्रवासाला निघायचं तर पंचांग काय म्हणतं. काकू शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "ह्यांना भूक लागली तरी ती कोण्या शास्त्रात लिहिलीय ते बघून मंग ताटावर बसत्यात." अंबादासराव रागवायचे नाहीत. ते म्हणायचे, "अगं, माझं कोण ऐकतो? मी कोण?" हे ते विनयानं म्हणत नसत. त्यांना ते खरंच वाटायचं.

पण याच स्वभावातून त्यांना एक विद्या साधली होती. पिंपळगाव रेणुकाईचे दोघे भाऊ विहिरीच्या पाण्यावरून एकमेकांवर कुऱ्हाड घेऊन धावले होते. दोघांनाही कायदा सांगून झाला होता, पाटलानं दम देऊन झाला होता. थोरला म्हणायचा, पाणी सोडणार न्हाई, जेलात घाला. अंबादासरावांनी त्याला आपल्या ओट्यावर बसवलं आणि अख्खी दुपार विहिरीचा विषयच काढला नाही. लहानपणी आजारी पडलात तर उशाला कोण बसायचं, लग्न कोणी जमवलं, कोणाचा मार खाल्ला, असलंच काहीबाही विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी हसनाबादला बैलगाडी पाठवून त्यांनी त्या दोघांची थोरली बहीण आणवली. आई लवकर गेलेली, हिनंच दोघांना वाढवलं होतं. ती बाई विहिरीपाशी गेली, पदर खोचला आणि थोरल्याला म्हणाली, "सोड पाणी." त्यानं सोडलं. एवढंच. धाकट्याकडं तिला बघावंही लागलं नाही.

मी विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?" तेव्हा ते म्हणाले, "वामनराव, प्रत्येक माणसाचं एक वरचं कोर्ट असतंय. कुणाची आई, कुणाचा पीर, कुणाचा उस्ताद, कुणाची नुसती बायको. ते सापडलं की आपल्याला काही बोलावं लागत न्हाई. आपण फक्त मिसल तिथं पोचती करायची."

एकदा मात्र त्यांचा पाय घसरला. एका खटल्यात त्यांनी नजीर सांगितली, हाकिमानं मानली, निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुढच्या आठवड्यात नवी जिल्द आली आणि तिच्यात ती जुनी नजीर वरच्या अदालतीनंच मोडीत काढलेली निघाली. विरुद्ध बाजूच्या वकिलाला याचा पत्ताही नव्हता. अंबादासराव आपण होऊन कोर्टात उभे राहिले आणि घाम पुसत सांगितलं की मी सांगितलेली नजीर आता जिवंत नाही, हुजुरांनी पुन्हा विचार करावा. अशिलानं त्यांना भर कोर्टात शिव्या दिल्या. त्यानंतर ते कितीतरी दिवस तापानं पडून होते. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "माझ्या तोंडून वरच्या अदालतीच्या नावावर चूक गेली." मला तेव्हा हसू आलं होतं. एवढं काय त्यात, असं वाटलं होतं.

मग निजामाचं राज्य संपायच्या आधीचे ते महिने आले.

त्या दिवसांचं वर्णन करायला मला अजूनही नको वाटतं. गल्लीतली घरं एकेक करून कुलूपबंद होत होती. ज्यांचे सोयरे वऱ्हाडात होते ते रानातल्या वाटांनी बुलढाण्याच्या हद्दीकडं निघून गेले. ज्यांचं तिकडं कोणी नव्हतं ते जाग्यावर बसून आवाज ऐकत राहायचे. देवळाच्या घंटेचा लोळा पुजाऱ्यानं कापडानं बांधून टाकला होता. तांबोळी आणि मोमीन शेजारीसुद्धा आमच्याइतकेच दबून होते, दारातून दारात हळू बोलायचे. डाकबंगल्यासमोर हत्यारबंद लोकांचा ट्रक उभा असायचा. खाकीतली पोरं होती, बरीचशी मिसरूड फुटलेली. कोठडीतल्या दोघा जणांना त्यांच्याबरोबर "पूछताछीसाठी" दिलं गेलं होतं, संध्याकाळपर्यंत परत आणतो म्हणून. एकाच्या वहाणा ओढ्यात सापडल्या. दुसऱ्याचं काहीच सापडलं नाही.

अमीन नवा आला होता. त्यानं आवाज चढवलेला मी ऐकला नाही. फार अदबीनं बोलायचा, आणि तो बोलायला लागला की मी मिसलीतून मान वर काढत नसे. आमचे मुन्सफसाहेब गुलबर्ग्याकडचे, वयस्क, दम्याचे, पाच वेळचे नमाजी. पूर्वी अंबादासरावांनी कानाला हात लावला की ते मिशीतल्या मिशीत हसायचे. ते हसणं बंद झालं होतं.

अंबादासरावांनी आपल्या परीनं काम सुरू केलं होतं. अमीनाचं वरचं कोर्ट ते शोधत होते. त्याची आई कुठं असते, तो कुठल्या दर्ग्याला जातो, कुणाचा मुरीद, म्हणजे शिष्य, आहे, शाळेत कोणी शिकवलं, बायकोचं ऐकतो का. त्याच्या घरी भाजी देणाऱ्या बाईला, त्याच्या न्हाव्याला, मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलवीसाहेबांना, सगळ्यांना आडून आडून विचारून झालं. एका संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. तोंड उतरलेलं.

"वामनराव, मौलवीसाहेब सोता त्याच्याकडं जाऊन आलते. कुराणातलं सांगितलं त्याला, की निरपराध्याला हात लावू नको. त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि म्हणाला, ये बातें मस्जिद में कीजिए." मग ते म्हणाले, "ह्या माणसाला वरचं कोर्टच न्हाई. आजवर मी असा माणूस पाह्यला न्हाई. मला लई भ्याव वाटून राह्यलं."

मलाही वाटत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रखमाजीला आणलं. हसनाबादकडचा कुणबी, पन्नाशीचा, अंगात बंडी, डोक्याला मळकं पागोटं. त्याचा मुलगा हद्दीपलीकडं जाऊन चळवळवाल्यांना मिळाला होता. मुलगा सापडेना म्हणून बापाला उचललं. कागदावर काहीतरी आरोप लिहिलेला होता, तो लिहिणाऱ्यालाही खरा वाटत नसावा. त्याची सोयरी माणसं अंबादासरावांच्या पायावर पडली होती आणि ते नाही म्हणायला घाबरले, म्हणून त्यांनी वकीलपत्र घेतलं. हे त्यांचेच शब्द.

दुपारी अमीन कोर्टात आला, झुकून सलाम केला आणि म्हणाला, "हुजूर, इसकी थोड़ी पूछताछ बाक़ी है. हमारे साथ दे दीजिए. शाम तक वापस हाज़िर कर देंगे."

खिडकीतून तो ट्रक दिसत होता. त्यावरचा एक पोरगा भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होता आणि फोलपटं कोर्टाच्या ओट्यावर टाकत होता. रखमाजीला उर्दू येत नव्हतं. तो माझ्याकडं वाकून हळूच म्हणाला, "मालक, सोडून राह्यले का मला घरी?"

मुन्सफसाहेबांना द्यायचं नव्हतं. त्यांची बोटं टेबलावर नुसती हलत होती. पण नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर? रोज वरून नवी फर्मानं येत होती, आणि अडवणाऱ्या हाकिमांच्या बदल्या कुठं होतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी अंबादासरावांकडं पाहिलं. "वकील साहब, आपको कुछ कहना है?" हाकीम असं विचारतातच, पण त्या दिवशीचं विचारणं वेगळं होतं. बुडणारा माणूस हात पुढं करतो तसं ते होतं.

अंबादासराव उठले. नजर अमीनाच्या जोड्यांवर होती. मग म्हणाले, "हुजूर, मी काही म्हणत नाही. वरची अदालत म्हणते. जिल्द अठरा, सफा चारशे बारा. जो माणूस अदालतीच्या उंबऱ्याच्या आत आला, तो अदालतीची अमानत झाला, सांभाळायला दिलेली ठेव झाला. अमानत ज्याच्या त्याच्या हातात देता येत नाही. हाकिमाच्या लेखी हुकमानं, सरकारी पहाऱ्यात, एका अदालतीतून दुसऱ्या अदालतीत किंवा जेलात, एवढंच तिला नेता येतं. जो हाकीम ती बाहेर देईल, तो तिला जन्मभर जबाबदार."

त्यांचा हात कानाकडं गेला नाही. तो खालीच लटकत राहिला.

अठरावी जिल्द मी त्यांना कितीदा तरी काढून दिली होती. ती चारशे सफ्यांच्या आतच संपते. चारशे बारावा सफा त्या जिल्दीला नाहीच. मी खाली मान घालून मिसलीकडं बघत राहिलो.

अमानत हा कुराणातला शब्द ऐकून मुन्सफसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले होते. मग टाक दौतीत बुडवला. "सफा?"

"चारशे बारा, हुजूर."

त्यांनी सावकाश, घोटून घोटून हुकूम लिहिला. आरोपी अदालतीची अमानत आहे, त्याला आजच्या मोटारीनं सरकारी पहाऱ्यात औरंगाबादच्या जेलात पोचतं करावं. त्या दिवसांत जेल म्हणजे सुटकाच होती. तिथं निदान माणसाचं नाव लिहून घेत आणि सकाळी मोजत.

अमीन ऐकून घेत होता. म्हणाला, "बहुत ख़ूब. वो किताब मैं देख सकता हूँ?"

"पेशकार, किताब अलमारी में है?" मुन्सफसाहेबांनी मला विचारलं.

"जी, है." मी किल्ली घेऊन अर्धा उठलो.

"बैठिए," मुन्सफसाहेब मला म्हणाले. मग अमीनाकडं वळले. दम लागला होता त्यांना. "किताब अदालत ने देख ली है."

अमीन माझ्याकडं बघून हसला. "आपने भी देखी है, पेशकार साहब?"

"जी," मी म्हणालो. "देखी है."

"तो फिर ठीक है. मैं भी कहीं से देख लूँगा." त्यानं पुन्हा झुकून सलाम केला आणि निघून गेला. थोड्या वेळानं ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही तिघं एकमेकांकडं बघतही नव्हतो.

रखमाजीला मोटारीत बसवून दिल्यावर मी कोर्टामागं गेलो. अंबादासराव लिंबाच्या बुंध्याला धरून ओकत होते. मी त्यांना चूळ भरायला पाणी दिलं. मला त्यांचा फार राग आला होता, भीतीनं येतो तसला.

"खोटंच सांगायचं तर जिल्दीतला एखादा सफा सांगायचा," मी म्हणालो. "पान हाय एवढं दिसलं असतं, आत कोण वाचत बसतो? चारशे बारा कशाला? जिल्द उघडली की संपलंच."

त्यांनी तोंड पुसलं. "जमलं न्हाई हो. एकेका सफ्यावर एकेक खरा हाकीम बसलेला हाय. त्याच्या निकालावर माझं खोटं कसं ठेवू? म्हणून पुढं गेलो. जिथं कुणीच लिहिलेलं न्हाई, तिथं."

मी डोक्याला हात लावला. जीव जायची वेळ आली तरी ह्या माणसाला खोटं बोलायलासुद्धा आदब सोडता आली नव्हती.

अमीनानं औरंगाबादला लिहिल्याचं शिपायांकडून कळलं. त्या जिल्दीची नक्कल आणि खुलासा मागवला होता. तेव्हापासून डाकेची वेळ झाली की अंबादासराव डाकघराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांचं काही येणार नव्हतं, आलं तर अमीनाचं येणार होतं, तरी बसायचे. घरी ताटावरून अर्धपोटी उठायचे. काकूंचं माहेर चिखलीला, हद्दीपलीकडं. त्या रोज म्हणायच्या, "चला, उद्या निघू. गाडीवान वळखीचा हाय."

"मी पळालो म्हंजे नजीर खोटी ठरली," ते म्हणायचे. "मंग रखमाजीला जेलात कोण ठेवतो? त्याला काढून आणतील."

"आन् तुम्हाला?"

ते जोडे घालून डाकघराकडं निघायचे.

खरी कसोटी पुढंच होती. एके दिवशी भर उन्हात अंबडकडचा एक वकील धापा टाकत आला. पंचविशीतला असेल. मी तेव्हा अंबादासरावांच्या ओट्यावरच बसलो होतो. शहागडच्या एका नावाड्याला धरलं होतं, गोदावरीपलीकडं कोणाला तरी उतरवलं म्हणून. त्यालाही असंच मागत होते. उद्याची तारीख होती. "तुमच्याकडं अमानतीची कोणती तरी नजीर हाय म्हणत्यात," तो म्हणाला. "जिल्द आन् सफा सांगा, वकीलसाहेब. त्याला तीन लेकरं हायेत."

आतल्या दारात काकू उभ्या होत्या, त्यांनी मानेनं नको नको केलं. माझ्याही मनात तेच होतं. एका कोर्टातलं खोटं एका कोर्टात दबून राहिलं असतं. दोन कोर्टांत गेलं की कोणी ना कोणी जिल्द उघडणारच. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. अंबादासरावांनी पंच्यानं मानेवरचा घाम पुसला, पुन्हा पुसला.

"जिल्द अठरा," ते म्हणाले. "सफा चारशे बारा."

"किताब कुठं बघायला मिळंल?"

"किताब मागू देऊ नका. हाकीम भला असला तर मागणार न्हाई."

तो तरुण वकील त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला कळलं. तो उठला, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि आल्या पावली उन्हातच निघून गेला. नावाडी वाचला. मग जाफराबादेहून कोणी आलं, मग आणखी कुठून तरी. अंबादासराव प्रत्येकाला सांगत गेले, आणि सांगून झालं की आत जाऊन अंथरुणावर पडायचे. एकदा मला म्हणाले, "आता ती नजीर माझी राह्यली न्हाई, वामनराव. आता बोलावूनबी परत येणार न्हाई." तो माणूस एकदाही न घाबरता ते सांगू शकला नाही, आणि एकालाही न सांगता त्यानं परत लावलं नाही. माझ्या लेखी त्यांची सगळी थोरवी एवढ्यात आहे.

शेवटी औरंगाबादच्या मोठ्या अदालतीतून बोलावणं आलं. समक्ष हजर होऊन खुलासा करावा. बरोबर एक शिपाई जाईल. आदल्या दिवशी चौघांनी येऊन सांगितलं, निघून जा. त्यांनी हजामत करून घेतली आणि शेरवानीला इस्त्री करवून आणली.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे मला शेवटी सांगायला नको. ते औरंगाबादला पोचले नाहीत. जालन्याच्या अलीकडं रस्त्यात ट्रक आडवा लावलेला होता. मोटार थांबवली, एकाच माणसाला खाली उतरवलं आणि मोटारीला जा म्हणाले. हे मोटारीतल्या उतारूंकडून कळलं; शिपाई दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला. ज्या माणसानं एवढ्यांना अदालतीबाहेर जाऊ दिलं नाही, त्याला भर रस्त्यात गाठलं. तिथं सांगायला अदालत नव्हती, हाकीम नव्हता, आणि नजीर कोणाला ऐकवणार?

नंतर फौजा आल्या, राज्य बदललं. रखमाजी घरी आला. मग भ्यायची पाळी मुन्सफसाहेबांवर आली. त्या दिवसांत आमच्याकडच्या लोकांनीही मुसलमान शेजाऱ्यांना करू नये ते केलं. मुन्सफसाहेबांना रखमाजी आणि त्याच्या मुलानं आपल्या गाडीत बसवून, दोन्ही बाजूंनी स्वतः चालत, जालन्याच्या स्टेशनावर पोचवलं. गंगाकाकूंनी मात्र कुंकू पुसलं नाही. बायका समजवायला गेल्या की त्या विचारायच्या, "गेले म्हणून कोण म्हणतंय? कोण्या हाकिमानं लिहून दिलंय? दाखवा." कोणाकडंच दाखवायला काही नव्हतं. त्या शेवटपर्यंत कुंकू लावत होत्या.

आता ती सकाळ. मोटार अड्ड्यावर उभी होती. अंबादासराव खिडकीशी बसले होते, शेजारी शिपाई. काकू घरीच थांबल्या होत्या, अंबादासरावांनीच तसं सांगितलं होतं. मी खिडकीखाली उभा होतो. काय बोलावं कळेना, म्हणून मी म्हणालो, "जिल्द मागितली तर काय सांगणार?"

"खरं तेच सांगणार," ते म्हणाले. "सांगणार की मी सगळ्या जिल्दी पाह्यल्या, पहिलीपासून. रखमाजीला आणायच्या आधीच बघून ठेवल्या होत्या. एकेक सफा. मला वाटलं, कुठं ना कुठं असंलच. हद्दीच्या बांधावर नजीर हाय, चोरलेल्या बैलावर हाय, विहिरीच्या पाण्यावर हाय." ड्रायव्हरनं मोटार सुरू केली तसे ते खिडकीतून बाहेर वाकले आणि आवाज चढवून बोलू लागले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. "एवढी मोठी अदालत, एवढे मोठे हाकीम, एवढ्या जिल्दी. आणि वामनराव, हे एवढं एक लिहून ठेवावं असं त्यांच्यातल्या कुणालाच वाटलं न्हाई?"

ते खरंच विचारत होते. उत्तराची वाट बघत माझ्याकडं पाहत राहिले, आणि मोटार सुटली.